आकाशातील सहकार

शिर्डीनजीक लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकट्याला न पेलणारे काम अनेकांनी मिळून पेलावे, हा त्याचा धडा. तोच आता ड्रोनना गिरवावा लागत आहे. उपग्रहाचे क्षीण संकेत सहज दडपता येतात. मग स्वतःच्या गतीवरून ठाव काढणाऱ्या एकट्या ड्रोनची चूक क्षणोक्षणी साचत जाते. थव्यातील ड्रोन मात्र परस्परांतील अंतरे मोजून एकमेकांस कळवतात. एकाला ओळखीची खूण दिसली की साऱ्यांना ठाव लागतो, मार्ग आखता येतो. परंतु एकाचेच खोटे माप साऱ्यांना भरकटवूही शकते. सहकाराला हिशेबतपासणी हवीच. शिर्डीसारख्या गर्दीवर यंत्रे उडवायची, तर ती आधी हवी.