अर्धी पर्स एकाच गड्यावर! एक टीम तळाला गेली, दुसरीनं कप उचलला. सॅलरी कॅपचं गणित नेमकं काय आहे?

पोळा झाला की केज तालुक्यातल्या गावागावांत मुकादमांची धावपळ सुरू होते. कारखान्याकडून ठरलेली रक्कम हातात आलेली असते, तेवढ्यात ठरलेले कोयते उभे करायचे असतात. कुणाला किती उचल द्यायची, गेल्या वर्षीची कोणती जोडी टिकवायची, कोणती सोडायची, सगळा हिशोब तेव्हाच होतो. एकाच जोडीला जास्त रक्कम देऊन बसला तर बाकीची टोळी भरायची कशी? दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात तेव्हा बाकी राहतं ते फक्त काम. टोळी कशी चालणार हे आधीच ठरलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, स्पोर्ट्सच्या स्टोरीत हे कुठून आलं?

तर विषय असा आहे की, जगातल्या मोठमोठ्या लीगमध्ये टीमचे मालक आणि कोच सीझन बंद असताना हेच करत बसलेले असतात. पैसा ठरलेला, गडी निवडायचे. या ठरलेल्या पैशाला म्हणतात सॅलरी कॅप. आपल्याकडे आयपीएल आणि प्रो कबड्डीत त्याच गोष्टीला पर्स म्हणतात.

आणि हे गणित चुकलं की काय होतं, जमलं की काय होतं, हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या पुणेरी पलटणची गोष्ट पुरेशी आहे.

सॅलरी कॅप आली कुठून?

हा प्रकार गाजवला तो अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगनं, म्हणजे एनबीएनं. तिथं १९८४-८५ च्या सीझनपासून आजच्या पद्धतीची कॅप लागू झाली. तेव्हा एका टीमला खेळाडूंच्या पगारासाठी मर्यादा होती ३६ लाख डॉलरची. २०२५-२६ च्या सीझनला हाच आकडा १५ कोटी ४६ लाख डॉलरवर गेलाय.

यामागचा विचार साधा आहे. मोठ्या शहरातल्या श्रीमंत मालकानं सगळे स्टार विकत घेतले तर लीगमध्ये मजाच राहणार नाही. कोण जिंकणार हे आधीच माहिती असेल तर मॅच बघायची कशाला? म्हणून सगळ्यांना सारखीच मर्यादा. मग पैशाची ताकद संपते आणि डोक्याची ताकद सुरू होते.

प्रो कबड्डीत हे गणित कसं बसतं?

२०२३ च्या दहाव्या सीझनला प्रत्येक टीमची पर्स होती ५ कोटी रुपये. या ५ कोटीत किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. लिलावात खेळाडूंच्या चार कॅटेगरी. ए कॅटेगरीची बेस प्राइस ३० लाख, बी ची २० लाख, सी ची १३ लाख आणि डी ची ९ लाख.

आधीच्या सीझनचे जे खेळाडू टीमनं स्वतःकडे ठेवले, म्हणजे रिटेन केले, त्यांचा पैसा याच पर्समधून वजा होतो. उरलेला पैसा घेऊन लिलावात बसायचं.

आता आकडेमोड करू. ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत लिलाव झाला. पवन सेहरावतवर तेलुगु टायटन्सनं २ कोटी ६०.५ लाखांची बोली लावली. प्रो कबड्डीच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम. पवन म्हणजे त्या काळातला देशातला सगळ्यात नावाजलेला रेडर, त्यामुळं फॅन्स खूश.

पण पर्सचं काय झालं? ५ कोटीतले ५२ टक्के एका माणसावर गेले. राहिले २ कोटी ३९.५ लाख. त्यात अजून किमान १७ गडी. म्हणजे सरासरी एकाला १४ लाख. बेस प्राइस बघा, १४ लाख म्हणजे सी कॅटेगरीच्या जरासं वर. थोडक्यात काय, तर एक हिरा आणि बाकी सगळी टीम स्वस्तात भरायची.

निकाल काय लागला? २२ मॅचपैकी टायटन्सनं फक्त २ जिंकल्या. १२ टीममध्ये बारावा नंबर. पवननं पॉइंट आणले नाहीत असं नाही. पण कबड्डी सात जणांची आहे. रेडर आउट होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला मागं डिफेन्स लागतो. तो डिफेन्स विकत घ्यायला पैसाच उरला नव्हता.

मग पुणेरी पलटणनं वेगळं काय केलं?

गंमत अशी, की त्याच लिलावात पुणेरी पलटणनंही जवळपास तेच केलं होतं. इराणचा डिफेंडर मोहम्मदरेझा शादलूई त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतला. म्हणजे पर्सच्या ४७ टक्के. परदेशी खेळाडूसाठी तोवर एवढी बोली कुणी लावली नव्हती.

५२ टक्के आणि ४७ टक्के, फरक तसा फार नाही. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये फायनल झाली आणि हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पुणेरी पलटणनं पहिल्यांदा कप उचलला.

फरक कुठं पडला? तर जो पैसा दिसत नव्हता तिथं.

पुण्याकडं अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत असे गडी आधीपासून होते. यातले अस्लम आणि मोहित तर लीगच्या न्यू यंग प्लेअर योजनेतून कोवळ्या वयात टीममध्ये आले होते. अशा पोरांना टीम स्वतः शोधते, स्वतःकडे तयार करते आणि लिलावाच्या चढाओढीबाहेर, बांधलेल्या रकमेत टिकवते. ज्या अस्लमला उघड्या लिलावात मोठी बोली लागली असती, तो पुण्याला तुलनेनं स्वस्तात मिळत होता. आणि त्या सीझनचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर कोण ठरला? अस्लम इनामदारच.

म्हणजे पुण्यानं भिंत आधी बांधली होती. लिलावात त्यांनी फक्त दरवाजा विकत घेतला. टायटन्सनं दरवाजा भारीतला घेतला, पण भिंतच नव्हती.

हे एकदाच घडलंय का? तर नाही

एक वर्ष मागं जा. २०२२ च्या नवव्या सीझनला पर्स होती ४ कोटी ४० लाख. तमिळ थलायवाजनं याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं, म्हणजे ५१ टक्के. आणि पहिल्याच मॅचमध्ये पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली. तो अख्खा सीझन बाहेर बसला. अर्धी पर्स पहिल्याच दिवशी बाद.

सगळ्यांना वाटलं, संपला विषय. पण नरेंदर नावाच्या पहिलाच सीझन खेळणाऱ्या पोरानं दोनशेच्या वर रेड पॉइंट काढले. सागर राठी, साहिल गुलिया या तरुण डिफेंडरनी मागची बाजू सांभाळली. थलायवाज पहिल्यांदाच प्लेऑफला गेले आणि सेमीफायनलपर्यंत पोचले. तिथं त्यांना ३९-३७ नं हरवलं ते पुणेरी पलटणनंच.

महागडा गडी नसताना टीम चालली, कारण स्वस्तातले गडी चांगले निवडले होते. सॅलरी कॅपचा पहिला धडा हाच. स्टारची किंमत सगळ्यांना माहिती असते, तिथं स्वस्तात काही मिळत नाही. खरी कमाई होते ती ज्याची किंमत अजून कुणाला कळलेली नाही अशा गड्यात.

कप जिंकल्यावर खरी डोकेदुखी सुरू होते

तुम्ही म्हणाल, जिंकलेली टीम तशीच ठेवायची, सोपं आहे. इथंच कॅप आडवी येते. जिंकल्यावर प्रत्येकाचा भाव वाढतो, पर्स मात्र तेवढीच राहते.

अकराव्या सीझनच्या आधी पुण्यानं शादलूईला रिलीज केलं. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सनं त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं. पुढं काय झालं? २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ नं हरवून कप जिंकला. फायनल कुठं होती? पुण्यात! ज्या पुण्यानं सोडला, त्याच पुण्यात येऊन गड्यानं दुसऱ्याच्या जर्सीत कप उचलला. आणि पुणेरी पलटण? त्यात अस्लमला दुखापत झाली आणि टीम आठव्या नंबरवर राहिली.

मग सोडून चूक केली का? लगेच निकाल देऊ नका. पुण्यानं तरुण पोरांची फळी हातची जाऊ दिली नाही. २०२५ च्या बाराव्या सीझनला अस्लम परतला आणि शादलूई नसताना हीच टीम पुन्हा फायनलला पोचली. दबंग दिल्लीनं ३१-२८ नं हरवलं, म्हणजे कप हुकला तो तीन पॉइंटनं.

हिशोब एका सीझनचा मांडला तर निर्णय चुकीचा वाटतो. तीन सीझनचा मांडला तर दोन फायनल आणि एक कप.

ऑफ-सीझनला टीमवाले नेमकं काय करतात?

पहिलं काम, कुणाला ठेवायचं. इथं गडी चांगला आहे का हा प्रश्न नसतो. एवढ्याच पैशात याच्यापेक्षा चांगला मिळेल का, हा असतो.

दुसरं काम, कुणाला सोडून परत घ्यायचं. प्रो कबड्डीत फायनल बिड मॅच नावाची सोय आहे. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या टीमनं जी शेवटची बोली लावली, तेवढीच रक्कम देऊन जुनी टीम त्याला परत घेऊ शकते. टायटन्सनं २०२४ ला पवनच्या बाबतीत हेच केलं. २ कोटी ६०.५ लाखांचा गडी त्यांना परत मिळाला १ कोटी ७२.५ लाखांना. म्हणजे ८८ लाख वाचले. आणि बाराव्या नंबरची टीम त्या सीझनला सातव्या नंबरवर आली.

तिसरं काम, नियमातली फट शोधणं. याचं भारी उदाहरण आयपीएलचं. २०२५ च्या सीझनसाठी पर्स होती १२० कोटी. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय मॅच न खेळलेल्या भारतीय खेळाडूला अनकॅप्ड धरायचं असा नियम होता आणि अशा खेळाडूची रिटेन किंमत होती ४ कोटी. चेन्नईनं त्यात कुणाला बसवलं? थेट महेंद्रसिंग धोनीला.

मुंबई इंडियन्सचंही बघा. पाच खेळाडूंसाठी ७५ कोटी कापले जाणार होते. मुंबईनं बुमराहला १८ कोटी दिले, सूर्यकुमार आणि हार्दिकला १६.३५, रोहितला १६.३० आणि तिलक वर्माला ८ कोटी. बेरीज करा, बरोबर ७५. पैसाही बसला आणि कुणाचा मानही दुखावला नाही.

एनबीएवाल्यांचं प्रकरण अजून किचकट आहे

आपल्याकडं पर्स संपली की विषय संपला. एनबीएची कॅप मात्र लवचिक आहे. स्वतःचा जुना खेळाडू टिकवायला टीम कॅपच्या वर जाऊ शकते. पण वर जाल तसा दंड वाढत जातो. २०२५-२६ ला १८ कोटी ७८ लाख डॉलरच्या पुढं लक्झरी टॅक्स सुरू होतो. २० कोटी ७८ लाखांच्या पुढं गेलं की हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू बदलून घेता येत नाही, नवीन खेळाडू घ्यायच्या सवलतीही जातात.

याचा फटका कुणाला बसला? २०२४ च्या चॅम्पियन बोस्टन सेल्टिक्सला. जिंकलेली टीम त्यांनी एक वर्ष टिकवली. पण २०२५ च्या उन्हाळ्यात जरू हॉलिडेला पोर्टलंडला आणि क्रिस्टॅप्स पोरझिंगिसला अटलांटाला पाठवावं लागलं. मालकाकडं पैसा नव्हता असं नाही. नियमात तो पैसा बसत नव्हता.

मग यात खेळाडूचं काय?

कॅपमुळं लीग रंगतदार होते हे खरं. पण कॅप म्हणजे पगारावर घातलेलं झाकणसुद्धा असतं. स्टारला त्याची रक्कम मिळतेच. कात्री लागते ती मधल्या फळीला. ज्या टीमनं एकावर अडीच कोटी लावले, तिथल्या मेहनती कॉर्नर डिफेंडरला ९ किंवा १३ लाखांवरच थांबावं लागतं, कारण पर्समध्ये वर काही राहिलेलंच नसतं.

म्हणून झाकण कोण ठरवतं हा प्रश्न महत्त्वाचा. एनबीएमध्ये कॅप एकटे मालक ठरवत नाहीत. खेळाडूंच्या युनियनसोबत करार होतो आणि लीगच्या कमाईतला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. कमाई वाढली की कॅप वाढते. आपल्याकडं आयपीएल असो की प्रो कबड्डी, पर्सचा आकडा आयोजकच जाहीर करतात.

इथं पुन्हा केजला येऊ. मुकादमाची टोळी आणि कबड्डीची टीम यांची बरोबरी करता येत नाही. लिलावाची रक्कम खेळाडूची कमाई असते, कोयत्याची उचल हे अंगावरचं कर्ज असतं, आणि ती फिटली नाही तर पुढच्या सीझनला मागं लागते. पण एका बाबतीत ऊसतोड कामगार पुढं आहेत. त्यांच्या मजुरीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना समोरासमोर बसून ठरवतात. जानेवारी २०२४ ला अशाच बैठकीतून ३४ टक्के वाढ ठरली होती. ती पुरेशी होती का, यावर वाद होऊ शकतो. पण बोलायला समोर खुर्ची तरी होती.

त्यामुळं पुढच्या लिलावात एखाद्यावर दोन-अडीच कोटींची बोली लागली की टाळ्या जरूर वाजवा. फक्त लगेच दोन गोष्टी बघा. पर्समध्ये किती उरले, आणि अजून किती गडी घ्यायचे बाकी आहेत. ती टीम कुठवर जाईल याचा बराचसा अंदाज तिथंच येईल.