जिभेखालचा पडदा आणि कात्रीची घाई

युरोपातल्या सुईणी एके काळी करंगळीचं नख वाढवून ठेवत आणि नवजात बाळाची जीभ तळाशी चिकटवून धरणारा जिभेखालचा पडदा त्या नखानंच तोडत, असं सांगतात. पुढे बाटली आली. वरचं दूध सर्रास झालं आणि बाटलीवर बऱ्याचदा भागत असल्यानं चिकटलेल्या जिभेकडे बघायचं कारणच उरलं नाही. डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्याकडे न बघता घडली. स्तनपानाला पुन्हा मान मिळाला, तेव्हा हा जुना प्रश्न ‘टंग-टाय’ या नावानं परत दारात उभा राहिला.

कलाटणी मिळाली 2005 मध्ये, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला. तिथे 1,866 बाळं तपासली, त्यातल्या 201 जणांची जीभ चिकटलेली निघाली. मात्र दूध पिण्यात अडचण होती ती 88 जणांनाच. त्यांपैकी 57 बाळं चाचणीत आली. 28 जणांचा पडदा लगेच कापला, 27 सुधारली. उरलेल्या 29 जणांच्या आयांना दोन दिवस नुसतं मार्गदर्शन मिळालं. त्यातलं एकच बाळ सुधारलं. त्याच वर्षअखेरीस ‘नाइस’ या ब्रिटिश आरोग्य संस्थेनं पुरावा तोकडा असल्याचं नोंदवूनही पडदा कापण्याला हिरवा कंदील दाखवला.

प्रक्रिया आहे अगदी क्षणाची. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, नर्सनं डोकं धरायचं, खाच असलेल्या चपट्या सळईनं जीभ वर उचलायची. पडदा ताणला जातो, पातळ असला तर आरपार दिसतो. बोथट टोकाच्या कात्रीनं तो कापला की रक्ताचे दोन-चार थेंब येतात, गॉझ दाबायचा आणि बाळ लगेच आईच्या अंगावर. टाका नाही. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन जन्मतः दिलंय ना, एवढं मात्र आधी विचारून घ्यायचं.

हा सोपेपणाच अंगाशी आला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत 1997 मध्ये अशा सुमारे 1,279 शस्त्रक्रिया नोंदल्या गेल्या होत्या. 2012 मध्ये 12,406. मग लेसर आला, ओठांचे ‘टाय’ आले, गालांचे आले. वरून न दिसणारा, ‘मागचा’ टंग-टायही निघाला. 2020 मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ एकत्र बसले, तरी अनेक मुद्द्यांवर त्यांचं एकमत झालं नाही. त्याआधी, 2019 मध्ये न्यूझीलंडच्या शल्यचिकित्सक निकी मिल्स यांनी विच्छेदन करून दाखवलं होतं, की जिभेखालचा हा पडदा म्हणजे मुळात वेगळी दोरी नसतेच. तोंडाच्या तळाचा पापुद्रा जीभ उचलल्यावर घडी होऊन वर येतो. म्हणजे नुसतं बघून निकाल देणं आणखीच कठीण.

आणि संशोधन? वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2017 च्या आढाव्याला पाच चाचण्या मिळाल्या, बाळं सगळी मिळून 302. आईची वेदना कमी होते, बाळाच्या पिण्यातला फायदा मात्र खात्रीनं सांगता येत नाही, एवढंच हाती लागलं. ब्रिटनच्या ‘फ्रॉस्टी’ चाचणीला 870 बाळं हवी होती, मिळाली 169. ज्यांचा पडदा कापायचा नव्हता त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश बाळांचा पुढे कापलाच गेला, आणि तुलनेला काही उरलं नाही. मी आयांना दोष देणार नाही. स्तनाग्राला चीर पडलीय, बाळानं सोडल्यावर ते लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं निघतंय आणि दोन तासांनी पुन्हा पाजायचंय. अशा बाईला ‘थांबा, अभ्यास चालू आहे’ असं कोणत्या तोंडानं सांगणार?

मला पटतात ती माणसं, ज्यांनी कात्रीआधी पाजणं बघितलं. बॉस्टनला शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या 115 बाळांचं पाजणं आधी तज्ज्ञांच्या चमूनं तपासलं. 72 जणांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरीत अशाच शिस्तीनं पडदा कापलेल्या बाळांचं प्रमाण 11.3 टक्क्यांवरून दोन वर्षांत 3.5 वर आलं. 2024 मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीनंही सांगितलं, की चिकटलेली जीभ असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना त्रास होतो.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बाळाची पकड शिकवणाऱ्या चित्रफिती मराठीतही आहेत. चांगली पकड म्हणजे हनुवटी स्तनात रुतलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राखालचा काळा भागही तोंडात. शेजारी कुणी जाणतं बसून एवढं सगळं करूनही पकड सुटत असेल, वजन अडत असेल, तर त्या बाळाची जीभ जरूर उचलून पाहावी.