जुन्या जीपगाडीच्या पुढील चाकांची जुळणी

बैलगाडीचे चाक डुगडुगू लागले म्हणजे आपण प्रथम तुंबा झिजला की काय, आस वाकला की काय, हे पाहतो. धाव नवी बसविण्याची घाई करीत नाही. हाच साधा विवेक मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी पुष्कळांस राहत नाही. प्रस्तुत लेखकासही तो राहिला नव्हता. त्याचा जो अनुभव आला तो शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहे.

आमच्या घरी एक जुनी जीपगाडी आहे. खत-बियाणे वाहणे, बाजारच्या दिवशी कांदा नेणे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठणे, ही सर्व कामे ती करते. मागील वर्षी ती डावीकडे ओढू लागली व पुढील टायर लवकर झिजू लागले. तेव्हा पुतण्याने ती शहरातील एका कारखान्यात नेऊन यंत्रावर चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, करवून आणली. पैसे दिले, आकड्यांचा छापील कागद मिळाला, व आम्ही निश्चिंत झालो. पुढे महिना लोटला नसेल, तोच कालव्याच्या भरावावरून येत असता एका खड्ड्यात चाक आदळले आणि दोन्ही पुढील चाके एकाएकी थडथडा हलू लागली. पुतण्याने वेग कमी केला, तरी गाडी थांबली ती भरावाच्या अगदी कडेस. आत माझे वडील बंधू व कामावरच्या दोन बायका होत्या. कोणास इजा झाली नाही, हे दैव.

गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक उचलून हाताने हलविले मात्र, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, आधी काय हलतंय ते बघायचं, मग गाडी यंत्रावर चढवायची." किंगपिनची बेअरिंगे झिजली होती व टाय रॉडचे एक टोक ढिले झाले होते. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. हद्दीचा दगड हललेला असता त्यावरून केलेली मोजणी कितीही काटेकोर असो, ती व्यर्थ होय, हे मी जन्मभर पाहिले. तरी घरच्या गाडीची मोजणी हलत्या दगडावरून करविली! कारखान्याने तपासले नाही हे खरे. परंतु आम्हीही विचारले नाही.

आता जुळणी म्हणजे काय ते पाहू. पुढील चाकांच्या मांडणीत तीन गोष्टी असतात. चाकाचा माथा बाहेर वा आत किती कलला आहे, तो कॅम्बर. चाक ज्या खुंटाभोवती वळते तो किंगपिन मागे किती झुकला आहे, तो कॅस्टर. याच्या योगाने वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होते. दोन्ही चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा एकमेकींच्या किती जवळ आहेत, तो टो-इन. जुन्या जीपचा पुढील आस अखंड असून तो पाट्यांवर बसविलेला असतो. त्यामुळे कॅम्बर व कॅस्टर हे घडणीतच ठरलेले असतात. नित्याच्या कामात फिरवून बदलता येतो तो केवळ टो-इन. बाकीचे दोन चुकले असतील, तर आस वाकला, पाटा बसला अथवा किंगपिन झिजला, असे समजावे. आस तापवून वा ठोकून सरळ करण्यास कोणी सांगेल, तर ते करू देऊ नये.

टो-इनची चूक लहान दिसते, पण तिचा हिशेब मोठा आहे. चाकाचा व्यास सुमारे ७०० मि.मी. धरला आणि दोन्ही चाकांत मिळून १० मि.मी. फरक पडला, तर प्रत्येक चाक १ किलोमीटरमागे सुमारे ७ मीटर आडवे घासत जाते. टायर का टिकत नाही, हे यावरून कळेल. अशा टायरवरून हात आडवा फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखी धार लागते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त, आणि जागोजाग खळगे पडले तर बहुधा कोठे तरी ढिलाई किंवा चाकाचा तोल बिघडलेला, असे अनुमान करावे.

गाडी कारखान्यात नेण्यापूर्वी पुढील तपासणी घरीच करावी. दोन्ही टायर एका मापाचे व सारख्या हवेचे असावेत. मागील चाकांस दगड लावून एक पुढील चाक जॅकने उचलावे व आसाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. केवळ जॅकवर विसंबू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. हलले तर दुसऱ्याकडून ब्रेक दाबून धरवावा. हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगात, न थांबले तर किंगपिनमध्ये. मग चाके जमिनीवर ठेवून एकाने सुकाणू थोडे इकडे-तिकडे करावे व दुसऱ्याने टाय रॉडचे प्रत्येक टोक पाहावे. पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत का, पान तुटले आहे का, हेही पाहावे. शेवटी पुढील व मागील चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते सारखे नसेल तर आस सरकला आहे.

ढिलाई काढल्यानंतरच टो-इन बसवावा. चाक उचलून फिरवीत टायरच्या मध्यावर खडूने पट्टा ओढावा व त्यावर खिळ्याने बारीक रेघ पाडावी. गाडी सपाट जागी उतरवून, चाके सरळ करून, थोडी पुढे ढकलावी. मग आसाच्या उंचीवर दोन्ही रेघांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. जुन्या विलीज जीपला पुढचे अंतर ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १ ते २ मि.मी., कमी असावे लागते. इतर गाडीस तिच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. फरक पडल्यास टाय रॉडचे आवळे सैल करून रॉड फिरवावा, पुन्हा मोजावे, व आवळे पक्के कसावेत. हे काम यंत्रावर अधिक नेमके होते, म्हणून ते कारखान्यातूनच करविणे बरे; मात्र आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

आमच्या गाडीस नवी बेअरिंगे व टाय रॉडचे नवे टोक बसविले आणि त्यानंतर जुळणी करविली. आता ती कालव्याच्या भरावावरून सरळ चालते. वडील बंधू अद्याप तिच्यात बसण्यापूर्वी पुढचे चाक एकदा हाताने हलवून पाहतात. आम्ही कोणी त्यांस हसत नाही.