सायकेडेलिक संशोधन: गप्पा किती, खरं किती

डॉन लॅटिन हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दैनिकासाठी धर्मविषयक बातमीदारी केलेले पत्रकार. त्यांचं ‘द हार्वर्ड सायकेडेलिक क्लब’ हे पुस्तक २०१० साली आलं. मानसशास्त्राचे प्राध्यापक टिमथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट, शेजारच्या एमआयटीत धर्म आणि तत्त्वज्ञान शिकवणारे ह्यूस्टन स्मिथ आणि हार्वर्डचा विद्यार्थी अँड्र्यू वाइल, असे चौघे १९६० च्या आगेमागे एकाच विषयाच्या, म्हणजे मनाचा अनुभव बदलणाऱ्या सायकेडेलिक द्रव्यांच्या, नादी लागले. त्यांची ही जोडकहाणी.

आपल्याकडे हा विषय निघाला की गोव्याचा किनारा, लांब केसांचे गोरे, ‘दम मारो दम’ असं सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. चरस-गांजा वेगळा, हेरॉइन वेगळं आणि एलएसडी किंवा सिलोसायबिन ही आणखी निराळी जात, हे कुणी सांगत नाही. थोडं वाचलेल्या माणसाकडे मात्र एक तयार गोष्ट असते: एका वेड्या प्रोफेसरने हार्वर्डच्या पोरांना एलएसडी वाटलं, विद्यापीठाने त्याला हाकललं, सरकारने बंदी घातली आणि छान चाललेलं संशोधन बुडालं. या गोष्टीतलं एकेक वाक्य सुटं करून पाहण्यासारखं आहे.

पहिलं, एलएसडी. हार्वर्डचा अधिकृत प्रकल्प सिलोसायबिनचा होता, म्हणजे मेक्सिकोतल्या अळंब्यांमधल्या द्रव्याचा. लिअरीने १९६० च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाकात त्या अळंब्या खाल्ल्या आणि परत येऊन प्रकल्प मांडला. गोळ्या येत स्वित्झर्लंडच्या सँडोझ या औषध कंपनीकडून. एलएसडीही तिथलंच. ते करणारे आल्बर्ट हॉफमान हिप्पी तर नव्हतेच, मनाचं औषधही शोधत नव्हते. राय धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीपासून श्वसन आणि रक्ताभिसरणाला चालना देणारं काही मिळतं का, हे ते पाहत होते. १९३८ मध्ये त्यांनी हे द्रव्य बनवलं आणि उपयोग दिसेना म्हणून ते पाच वर्षं बाजूला पडलं. १९ एप्रिल १९४३ ला त्यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं. एवढ्याशा मात्रेने जेमतेम परिणाम दिसेल, असा त्यांचा अंदाज. तो साफ चुकला आणि युद्धकाळात मोटारींवर निर्बंध असल्यामुळे सहायकाला सोबत घेऊन सायकलवरून घर गाठावं लागलं. हेच हॉफमान पुढे १०२ वर्षांचे होऊन २००८ मध्ये वारले.

दुसरं, विद्यापीठाने हाकललं ते कशासाठी? लिअरीला काढलं ते ठरलेले तास न घेतल्याबद्दल आणि परवानगीशिवाय गावाबाहेर राहिल्याबद्दल. कागदावरचं कारण इतकं रुक्ष आहे. गोळी दिल्याबद्दल गेला तो अल्पर्ट. पदवीच्या वर्गातल्या मुलांना प्रयोगात घ्यायचं नाही, असं विद्यापीठाशी ठरलं होतं. त्या नियमावर बोट ठेवून वाइलला नकार मिळाला, पण त्याच्या मित्राला अल्पर्टने खासगीत सिलोसायबिन दिलं. दुखावलेला वाइल विद्यार्थ्यांच्या ‘हार्वर्ड क्रिम्झन’ या दैनिकात लिहीत असे. त्याने प्रकरण खणून काढलं आणि मे १९६३ मध्ये अल्पर्टची नोकरी गेली. लॅटिन यांच्या पुस्तकातला सगळ्यात झोंबणारा भाग हाच. ज्याला आत घेतलं नाही त्याने दार बंद करायला लावलं, आणि पुढे हाच वाइल नैसर्गिक उपचारांचा अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर झाला. पुढे त्याने अल्पर्टची माफीही मागितली.

तिसरं, बंदी. १९६३ मध्ये यातलं काहीच बेकायदा नव्हतं. कॅलिफोर्नियाने एलएसडीवर बंदी घातली ती ऑक्टोबर १९६६ मध्ये, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत टाकली १९७० साली. पण प्रयोगांना लगाम लागला होता त्याआधीच, आणि त्याचं कारण हिप्पी नव्हते. थॅलिडोमाइड या गोळीमुळे युरोपात हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. त्या धक्क्यातून १९६२ मध्ये अमेरिकेत औषध कायदा बदलला. औषध सुरक्षित असून भागत नाही, ते गुणकारी आहे हेही नीट चाचण्या करून दाखवा, अशी अट आली. तोवर कुणीही मनोविकारतज्ज्ञ सँडोझकडून एलएसडी मागवून स्वतःच्या दवाखान्यात वापरू शकत होता. ते थांबलं. उलट, बंदीनंतरही मेरीलँडमधल्या स्प्रिंग ग्रोव्ह इथे कर्करोगाच्या आणि दारूच्या व्यसनाच्या रुग्णांवरचं काम १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होतं.

राहिलं ते ‘छान चाललेलं संशोधन’. माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे, आणि तो या द्रव्यांच्या चाहत्यांनी पोसलेला आहे.

२० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बॉस्टन विद्यापीठातल्या मार्श चॅपेलच्या तळघरात धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी बसले आहेत. वरच्या मजल्यावर हॉवर्ड थर्मन यांचं प्रवचन चालू आहे आणि ते ध्वनिक्षेपकावरून खाली ऐकू येतंय. डॉक्टर असलेला आणि पीएचडी करत असलेला वॉल्टर पान्के सिलोसायबिनने आध्यात्मिक अनुभव येतो का, हे पाहणारा हा प्रयोग करतोय, लिअरी त्याच्या पाठीशी आहे आणि सिलोसायबिन मिळालेल्या मदतनिसांमध्ये ह्यूस्टन स्मिथही आहेत. दहा विद्यार्थ्यांना सिलोसायबिन, दहांना निकोटिनिक अ‍ॅसिड. या अ‍ॅसिडने चेहरा तापतो, लाल होतो, त्यामुळे ते मिळालेल्यांना सुरुवातीला वाटलं, खरी गोळी आपल्यालाच मिळाली. पण थोड्याच वेळात चेहरे पुन्हा नेहमीसारखे झाले, आणि शेजारी काहीजण बाकावर आडवे पडून देवाशी बोलू लागले. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळता कामा नये, हा या चाचणीचा पाया. तो तासाभरातच ढासळला.

त्यात एक विद्यार्थी भेदरून चॅपेलबाहेर निघून गेला. त्याला धरून आणावं लागलं आणि शांत करायला थोराझिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. पान्केच्या प्रबंधात या इंजेक्शनचा उल्लेखच नाही. तो जगापुढे आणला रिक डॉब्लिन यांनी. जवळजवळ २५ वर्षांनी त्यांनी त्या विसांपैकी १६ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. सिलोसायबिन घेतलेल्यांना तो दिवस अजूनही खरा आध्यात्मिक अनुभव वाटत होता, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे नोंदवलं.

लिअरीने कॉनकॉर्ड तुरुंगात केलेल्या प्रयोगाची गत आणखी वाईट. सिलोसायबिन आणि गटचर्चा यांमुळे सुटलेले कैदी पुन्हा आत येण्याचं प्रमाण खूप घटलं, असा लिअरीचा दावा होता. डॉब्लिन यांनी १९९८ मध्ये जुने कागद तपासले. लिअरीने आपल्या कैद्यांचा सुटकेनंतरचा सरासरी दहा महिन्यांचा हिशेब इतर कैद्यांच्या तीस महिन्यांच्या हिशेबाशी ताडून पाहिला होता. मुदत सारखी केली तर फरक उरत नाही. ही चूक काढणारा माणूस सायकेडेलिकचा शत्रू नव्हता. या द्रव्यांवरच्या संशोधनासाठीच १९८६ मध्ये ‘मॅप्स’ ही संस्था त्याने स्वतः काढली होती.

बाकीचे गैरसमज झटपट. एलएसडीने गुणसूत्रं तुटतात, ही बातमी १९६७ मध्ये एका लेखावरून पसरली. १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या आढाव्याने शुद्ध द्रव्याच्या बेताच्या मात्रेपुरती ती खोडून काढली. याचा अर्थ ही द्रव्यं निरुपद्रवी, असा मात्र नाही. घरात स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल तर अशा माणसाला आजच्या चाचण्यांमध्ये दारातूनच परत पाठवतात.

अल्पर्ट एलएसडीमुळे ‘रामदास’ झाले, हेही अर्धंच खरं. गोळी उतरली की माणूस पुन्हा होता तिथेच, या वैतागातून ते १९६७ मध्ये भारतात आले आणि त्यांना नीम करोली बाबा भेटले. बाबांनी एलएसडीची मोठी मात्रा घेतली आणि काहीच झालं नाही, ही गोष्ट बाबांच्या कैंचीधाम आश्रमातले भक्त आजही सांगतात. तिला आधार रामदासांच्या सांगण्याचा. बाबांनी गोळ्या खांद्यावरून मागे तर टाकल्या नसतील, ही शंका त्यांना स्वतःलाही होती. दुसऱ्या भारतभेटीत बाबांनी एकेक गोळी दाखवून तोंडात टाकली, असंही तेच सांगतात.

‘आता तर हे औषध झालंय,’ हा नवा समज. जॉन्स हॉपकिन्सच्या रोलंड ग्रिफिथ्स यांनी २०१६ मध्ये ५१ कर्करुग्णांवरच्या सिलोसायबिन-चाचणीचे निष्कर्ष छापले. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांचं नैराश्य आणि धास्ती बरीच कमी होती. पण तिथे गोळीआधी तयारीच्या बैठका होत्या, गोळीच्या दिवशी दोन माणसं अखंड शेजारी आणि नंतर पुन्हा बोलणं. चॉकलेटात घालून कुणी विकलं तर त्यातलं यांपैकी काहीच मिळत नाही. शिवाय आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडी, सिलोसायबिन आणि एमडीएमए बाळगणं हा गुन्हाच आहे.

मॅप्समधूनच निघालेल्या लायकोस या कंपनीने एमडीएमएच्या साहाय्याने आघातोत्तर ताणविकारावर उपचार करण्यासाठी अमेरिकी औषध प्रशासनाकडे परवानगी मागितली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती नाकारली गेली आणि तिसऱ्या टप्प्याची आणखी एक चाचणी करायला सांगितलं गेलं. प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे जे आक्षेप आले, त्यातला एक मोठा आक्षेप असा होता: आपल्याला खरी गोळी मिळाली की नाही, हे चाचणीतल्या बहुतेकांनी ओळखलं होतं.