हाताला विणकाम, जिवाला विसावा

"टेन्शन घेऊ नका," हे वाक्य गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी दवाखान्यात दिवसातून दहा वेळा तरी म्हणत आले आहे. त्याचा रुग्णाला कितपत उपयोग होतो, हे मला २०१९ सालच्या डिसेंबरात कळले.

माझ्या यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर मी चार दिवस बसून होते. भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे. उरलेले साडेतेवीस तास माझे वैद्यकीय ज्ञानच मला खात होते. आत एखादे यंत्र वाजले की काय काय बिघडले असू शकेल, याची यादी डोक्यात तयार! भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे, "डॉक्टर, तुम्हीच असं टेन्शन घेतलंत तर कसं व्हायचं?" मनात येई, मी घेतले कुठे, ते आपले आपण येऊन बसले आहे.

शेजारी मावळातल्या एका खेड्यातील बाई बसत. अंगणवाडीत मदतनीस होत्या. मुलाला अपघात झालेला, तो आत. आणि घरी सुनेला आठवा महिना. बाई दिवसभर बाळाचा स्वेटर विणत. पोपटी आणि कुंकवासारखा लाल, एकाआड एक पट्टे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुया माझ्या हातात दिल्या. "ताई, येतं का तुमास्नी? मग चार वळी घाला. मी च्या पिऊन येते."

शाळेत शिकलेले विणकाम चाळीस वर्षांनी हाताला आठवते का, या चिंतेत मी चार ओळी घातल्या. एक टाका सुटला. बाई आल्या, हसल्या, निम्मी ओळ उसवून त्यांनी टाका परत सुईवर घेतला. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की ती वीस मिनिटे मी आतल्या यंत्राचा आवाज ऐकलाच नव्हता. संध्याकाळी भाच्याला पाठवून लोकर आणि सुया मागवल्या.

यात जादू काही नाही. संकटाची चाहूल लागली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, हृदय जोरात पडू लागते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. वाघ मागे लागला तर पळायला हे कामाचे. पण बाकावर बसून पळायचे कुठे? अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात या अवस्थेची उलट बाजू मांडली. एखादा शब्द किंवा एखादी हालचाल पुन्हा पुन्हा करीत राहिले आणि मध्येच आलेल्या विचाराशी न झगडता परत त्या हालचालीकडे वळले, तर श्वास आणि नाडी मंदावते. आपल्याकडे जपमाळेचे मणी ओढणाऱ्या आजीला हे पुस्तक वाचावे लागले नव्हते! विणकामात हीच पुनरावृत्ती असते. शिवाय टाके मोजावे लागतात आणि मोजणाऱ्या मनाला भलतासलता विचार करायला जागा कमी उरते.

ब्रिटनमधील एका व्यावसायिक उपचार-विषयक नियतकालिकात २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ३१ देशांतील साडेतीन हजारांहून अधिक विणकरांनी प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या. जे वारंवार विणत त्यांना शांत वाटण्याचे प्रमाण अधिक दिसले. मात्र ही मंडळी मुळात विणकामाची आवड असलेली होती. हलवायालाच गोड आवडते का, असे विचारण्यासारखे थोडेसे. तेव्हा विणकाम हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. रक्तदाबाची गोळी बंद करून सुया हाती घेतल्यात, तर मी रागावेन.

आता करायचे काय? आपल्याकडे घरात बाळ येणार असले की सुया निघतात आणि टोपडे-मोजे झाले की पुन्हा ट्रंकेत जातात. काळजीच्या दिवसांत मात्र टोपडे नको, जाळीची नक्षी तर मुळीच नको. अवघड नमुना चुकला की त्याचाच ताप होतो. साधा चौकोन विणावा. आठ नंबरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे तीस टाके घालावेत आणि दोन्ही बाजूंनी सुलटच विणत जावे. उलट टाका नाहीच. साठ ओळी झाल्या की साधारण साडेपाच-सहा इंचांचा चौकोन होतो. दर दहा ओळींनी रंग बदलावा. हळदी पिवळा, राणी, मोरपंखी, घरात उरलेला जो असेल तो. रंग बदलण्याचे कारण केवळ हौस नव्हे. साठ ओळी डोंगराएवढ्या वाटतात, दहा ओळी डोळ्यांसमोर संपतात. काळी किंवा गडद निळी लोकर टाळावी. चाळिशीनंतर त्यातले टाके दिसत नाहीत आणि डोके दुखते.

वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवाव्यात, बोटे उघडमीट करावीत, मान फिरवावी. खांदे कानांकडे चढले असतील तर समजावे की आपण विणकामातही घाई करतो आहोत. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सांधेदुखी असणाऱ्यांनी जाड, हलक्या सुया घ्याव्यात. पुरुषांनी लाजू नये. माझा एक रुग्ण, एस.टी.तून निवृत्त झालेला चालक, पत्नीच्या आजारपणात मफलर विणायला शिकला. मफलर सात फुटांचा झाला, कारण थांबवायचा कसा हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. त्या वेळी घरच्यांनी "विणकाम कर, बरं वाटेल" असे सांगू नये.

आम्हाला घरी सोडले तेव्हा मावळातल्या बाईंचा मुलगा अजून आतच होता. स्वेटरची एक बाही राहिली होती. निघताना मी त्यांना माझ्याकडची उरलेली लाल लोकर दिली. पुढे काय झाले ते कळले नाही.

माझे चौकोन पस्तीस झाले. पाच ओळींत सात-सात जोडून त्याचे पांघरूण केले. बाकावर बसून विणलेल्या पहिल्याच चौकोनात सुटलेल्या टाक्याचे एक भोक आहे. दुरुस्त करते म्हटले तर यजमान करू देत नाहीत. सकाळी पेपर वाचताना ते त्यात पायाचा अंगठा घालून बसतात.