मटण-बटाटा रस्सा : एका कुकरात साऱ्या घराचा वाटा

रविवारी सकाळी वस्तीतल्या मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि दुपारपर्यंत गल्लीभर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास सुटतो. मटण अर्धा किलो, खाणारी माणसं पाच-सहा. हिशेब जुळत नाही, म्हणून रश्श्यात बटाटा पडतो. पाहुणा आला की आणखी एक बटाटा आणि आणखी एक पेला पाणी. आपल्या आया-आज्यांनी असंच घर पुरवून खाल्लं. मिळेल तेवढं मांस सगळ्यांना पुरवण्याची ही रीत जुनी आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या अशा खाण्यापिण्याची नोंद करून ठेवली आहे.

या वेळच्या आरोग्याच्या पानासाठी आम्ही हाच रस्सा निवडला. एकाच कुकरात होतो, त्यामुळे गॅस कमी लागतो. भांडी कमी पडतात, म्हणजे नळाचं पाणीही वाचतं. भाकरी नाहीतर भात सोबत असला की जेवण पूर्ण होतं. पण पाककृती सांगून आम्ही थांबणार नाही. रस्सा शिजल्यावर तो कुणाच्या ताटात किती पडतो, हेही आरोग्याचंच आहे.

या रश्श्यातून मिळतं काय?

शेळी-बोकडाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. हाडासकट अर्धा किलो मटण पाच जणांत सारखं वाटलं, तर हाड सोडून माणशी 60 ते 70 ग्रॅम मांस येतं. म्हणजे 12 ते 14 ग्रॅम प्रथिनं, दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा तरी एका जेवणात मिळाला.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लोह. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतही लोह असतं, पण त्यातलं थोडंच आपलं शरीर शोषून घेतं. मांसातलं लोह त्यापेक्षा बरंच चांगलं शोषलं जातं. शिवाय त्याच जेवणातल्या भाकरीतलं आणि भाजीतलं लोह अंगी लागायलाही मांस मदत करतं. वरून लिंबू पिळलं तर आणखी फायदा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की हा फायदा कमी होतो. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर तासभर लांब ठेवा.

बटाटा पोट भरतो, ताकद देतो आणि त्यात पोटॅशियम असतं. पण प्रथिनं त्यात फार थोडी, 100 ग्रॅमला दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणून बटाटा मटणाच्या जोडीला चालतो, मटणाच्या जागी नाही. हे पुढे वाटणीच्या वेळी लक्षात ठेवायचं आहे.

साहित्य (पाच जणांसाठी)

- हाडासकट मटण अर्धा किलो. दुकानदाराला तुकडे लहान करायला सांगा, वीसेक पीस व्हायला हवेत
- मध्यम बटाटे 4
- कांदे 3
- टोमॅटो 1
- लसणाच्या 10-12 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं
- किसलेलं सुकं खोबरं 2 मोठे चमचे
- हळद अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला किंवा घरचा काळा मसाला 2 लहान चमचे
- तेल 2 मोठे चमचे, मीठ बेतानं, कोथिंबीर, एक लिंबू

बटाटे निवडताना हिरवट झालेले, मोठे कोंब आलेले बाजूला काढा. हिरव्या भागात आणि कोंबात विषारी घटक वाढतो आणि तो शिजवूनही जात नाही.

कृती

मटण धुताना नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. पाणी उडतं आणि त्याबरोबर जंतू ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर जातात. पातेल्यात पाणी घेऊन हळूच धुवा आणि मग हात साबणानं धुवा. ज्या विळीवर मटण चिरलं तिच्यावरच कांदा-काकडी चिरायची असेल, तर विळी आधी साबणानं घासून घ्या. घरोघरी पोट बिघडण्याचं हे एक साधं कारण आहे.

आलं-लसूण ठेचून हळदीबरोबर मटणाला चोळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तोवर तव्यावर दोन कांदे उभे चिरून भाजा. मग खोबरं लालसर भाजा. टोमॅटो घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटण करा.

कुकरमध्ये एक चमचा तेल तापवून उरलेला कांदा बारीक चिरून परता. त्यात मटण घाला. सात-आठ मिनिटं परतलं की मटणाला सुटलेलं पाणी आटतं. आता तीन पेले गरम पाणी घाला. गार पाणी घातलं तर कुकर पुन्हा तापायला वेळ आणि गॅस जास्त जातो. चार ते पाच शिट्ट्या होऊ द्या, मग दहा मिनिटं गॅस बारीक. वाफ आपोआप जिरू द्या. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

झाकण उघडलं की समोर अळणी मटण आणि अळणी पाणी आहे. तिखट-मीठ अजून पडलेलं नाही. घरात लहान मूल किंवा दात गेलेली आजी असेल तर तिचा वाटा आत्ताच काढा. त्यांच्यासाठी एक बटाटा वेगळा उकडून कुस्करा, मऊ झालेलं मांस हाडापासून सोडवून अगदी बारीक तोडा आणि अळणी पाण्यात कालवा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही असं मऊ करून थोडं थोडं देता येतं. हाडाची कपरी राहिलेली नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ घालू नका. आजीच्या वाटीत चवीपुरतं घाला.

बाकीचं मटण पाण्यासकट एका भांड्यात काढा. त्याच कुकरमध्ये दुसरा चमचा तेल घालून वाटण आणि मसाला परता. तेल सुटायला लागलं की मटण आणि पाणी परत ओता. मीठ घाला. बटाटे साल न काढता, नीट घासून, दोन-दोन फोडी करून टाका. एक-दोन शिट्ट्या पुरेत. बटाटा पहिल्यापासून घातला तर मटण शिजेपर्यंत तो विरघळून जातो, म्हणून तो शेवटी. शेवटी एक फोड पळीनं रश्श्यातच मोडा. रस्सा दाट होतो आणि जास्तीचं खोबरं-तेल लागत नाही. मराठवाड्यात आणि नगरकडे यासाठी भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा येसूर लावतात. तोही चांगला.

कुकर नसेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी भरा. आतली वाफ वाया जात नाही आणि झाकणावरचं गरम झालेलं पाणी लागेल तसं आत घालता येतं. सव्वा ते दीड तास लागेल. बटाटे शेवटच्या वीस मिनिटांत घाला.

पळी कशी फिरते?

आता वाढायची वेळ. अनेक घरांत काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नळी कर्त्या पुरुषाला. चांगले पीस पोराला, तो वाढत्या अंगाचा म्हणून. मग पाहुणे, मग पोरी. शेवटी घरची बाई बसते तेव्हा कुकरात दोन बटाटे आणि तळाचा रस्सा असतो. "मला मटणापेक्षा रस्साच आवडतो," असं ती म्हणते आणि घर ते खरं मानतं.

रश्श्यात चव उतरते, थोडे क्षार उतरतात. पण प्रथिनं आणि लोह बहुतांशी मांसातच राहतं. बटाटा आणि रस्सा खाल्लेल्या बाईनं मटणाचं जेवण केलं असं शरीराच्या हिशेबात धरता येत नाही.

हा हिशेब किती महाग पडतो ते सरकारी आकडे सांगतात. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ते 67 टक्के होतं. दर महिन्याची पाळी आणि बाळंतपणं यांमुळे स्त्रीला लोह जास्त लागतं. ज्याला गरज जास्त त्याच्या ताटात कमी, अशी ही उलटी वाटणी आहे. जिना चढताना धाप लागणं, सतत थकवा, डोकं गरगरणं, अभ्यासात मन न लागणं, यांमागे पुष्कळदा रक्ताची कमीच असते. "आळशी झाली आहे," म्हणून पोरीला बोलण्याआधी हे आठवावं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: पळी फिरवायच्या आधी पीस मोजा. वीस पीस आणि पाच माणसं, तर प्रत्येकी चार. जी शेवटी जेवणार तिचे चार पीस वाटीत आधीच काढून झाकून ठेवा. हे काम घरातल्या पुरुषानं केलं तर उत्तम, कारण बाई स्वतःचा वाटा स्वतः काढायला लाजते. पाळी सुरू झालेली मुलगी, गरोदर सून, अंगावर पाजणारी आई यांना एखादा पीस जास्तच द्या. समतेची शिकवण सांगणाऱ्या आपल्या घरांत ती ताटातही दिसायला हवी.

काही समजुती

"लाल तर्री म्हणजे ताकद." तर्री म्हणजे वर आलेलं तेल आणि तिखट. रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी ती पळीनं बाजूला करावी.

"हाडाचं पाणी प्यायलं की हाडं मजबूत होतात." घरी शिजवलेल्या हाडाच्या पाण्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. त्यासाठी दूध, दही, नाचणी, तीळ हवेत. गरम पाणी घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल प्या.

"साखरेच्या आजाराला बटाटा अजिबात नको." बटाटा हा धान्यासारखा मोजायचा. रश्श्यातल्या दोन फोडी घेतल्या तर तेवढी भाकरी किंवा भात कमी करा आणि सोबत कांदा, काकडी, मुळा घ्या.

कुणी सांभाळून खावं?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मांस आणि बटाटा दोन्ही किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजत असतील तर मटण आणि त्याचं पाणी कमी करा, कलेजी टाळा. रक्तदाब असेल तर मीठ आवरा. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, ही मर्यादा आहे आणि त्यात लोणचं-पापडही धरायचे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. तिथं रक्त कमी होण्याचं कारण वेगळं असतं. अंग दुखणं, डोळे पिवळे होणं, मूल वारंवार आजारी पडणं असं असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

मटण परवडत नसेल तर

हीच कृती कोंबडीला चालते. ती लवकर शिजते, म्हणून बटाटा तिच्याबरोबरच घाला आणि एक-दोन शिट्ट्यांत उतरवा. अंडी उकडून याच रश्श्यात सोडली तरी प्रथिनं मिळतात, माणशी दोन अंडी धरा. कलेजी मटणापेक्षा स्वस्त मिळाली तर जरूर घ्या. तिच्यात लोह मांसाहून जास्त असतं. मात्र तिच्यात अ जीवनसत्त्वही फार असतं, म्हणून गरोदर बाईनं ती डॉक्टरांना न विचारता खाऊ नये. ज्या घरांत पौर्णिमेला किंवा वर्षावासात मांसाहार टाळतात, तिथं रात्रभर भिजवलेले हरभरे किंवा अख्खा मसूर बटाट्याबरोबर याच वाटणात शिजवा आणि लिंबू विसरू नका.

उरलं तर?

शिजलेला रस्सा उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका. फ्रिज असेल तर गार झाल्याबरोबर झाकून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणूनच खा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच करा. शिळ्या रश्श्याला वास येत नाही म्हणजे तो चांगला आहे असं नाही. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.

शेवटी एक गोष्ट. रक्त फार कमी झालं असेल तर ते नुसत्या जेवणानं भरून येत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या आणि गरोदर स्त्रीचं 11 च्या खाली असेल तर ते कमी समजतात. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. या महिन्यात एक दिवस ठरवून घरातल्या आई, सून, मुलगी सगळ्यांनी मिळून जा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर कुकर उघडल्यावर पीस मोजायला विसरू नका.