कॅनव्हासची पाठ

भाईंदरला खाडी आणि मिठागरं दोन्ही जवळ. पावसाळ्यात इथे लोणच्याला लागतो तसा बुरा निगेटिव्हलाही लागतो. म्हणून दिवंगत चित्रकाराच्या घरून निगेटिव्हचं खोकं आलं की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. तिच्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही धरतं. ती पाकिटं वेगळी काढायची आणि पहिल्यांदा तीच स्कॅन करायची.

निगेटिव्हनंतर चित्रं. तैलचित्राचा फोटो काढणं सोपं वाटतं. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे, कॅमेरा चित्राला समांतर, कडेला रंगपट्टी. तरी वॉर्निश चमकतंच. दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावून ती चमक मारावी, तर चित्र निर्जीव दिसू लागतं. मग आणखी एक फोटो, एकाच बाजूच्या अगदी तिरप्या उजेडात. त्यात सुरीचे फटकारे उठून येतात.

माझा जीव मात्र कॅनव्हासच्या पाठीत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, फ्रेमवाल्याचा शिक्का, सगळं तिथे. फ्रेम बदलली की हे कचऱ्यात जातं. लिलावाच्या कॅटलॉगांत पुढची बाजू झकास छापतात, पाठ क्वचितच.

मूळ चित्र जातं, फोटो राहतो, हे आपल्याला नवं नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राबून केलेल्या बहुतेक चित्रप्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. गिलने काढलेले लेण्यांचे फोटो 1864च्या पुस्तकात आजही बघता येतात. बडोद्याचे ज्योती भट्ट, स्वतः चित्रकार, 1960च्या दशकापासून खेड्यांतली भित्तिचित्रं टिपत राहिले. पुढच्या सारवणात ती जाणारच होती.

सगळ्यात वेळखाऊ काम माणसं ओळखण्याचं. स्टुडिओतल्या एका ग्रुप फोटोवर अशाच एका दिवंगत चित्रकाराच्या पत्नीने बोट ठेवलं. “हे आमचे हे. हे जेजेतले मास्तर. आणि हा टोपीवाला... अहो, हा फ्रेमवाला! जेवायच्या वेळेला बरोबर यायचा.”

“नाव आठवतं, काकू?”

“नाव कोण विचारतंय? फ्रेमवाला म्हणूनच हाक मारायचो.”

दोन चित्रांच्या पाठीवर गिरगावातल्या एकाच दुकानाचा शिक्का सापडला होता. फोटोखाली ते दुकान लिहिलं, पुढे कंसात ‘बहुधा’.